मॉरिशसमध्ये मुलांसाठी क्रीडा अकादमी पारखताना: आधी काय बघायचं, नंतर काय

माझ्या मुलीला इथल्या पहिल्याच वर्षी पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळालं. फोटो पुण्याला गेला, आजीनं वाड्यात पेढे वाटले. त्या वयोगटात, त्या प्रकारात तीनच मुली पाण्यात उतरल्या होत्या आणि त्यातली एक वळणावर चुकून बाद झाली होती, हे तिकडे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या पदकाच्या भरवशावर आम्ही पुढची दोन वर्षं त्याच अकादमीत काढली. मग सुट्टीत पुण्याला गेलो, ओळखीनं तिला टँकवर सरावाला पाठवलं, आणि तिथल्या सरांनी तिची वेळ लिहून घेऊन तिला चौथ्या बॅचमध्ये टाकलं.

आता एबेनच्या आयटी कंपन्यांत किंवा बँकांत नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांचे मला फोन येतात. "ताई, अमुक अकादमी कशी आहे हो?" मी विचारते, फी भरली का? बहुतेकांनी भरलेली असते. चूक अकादमी निवडण्यात होते त्याहून जास्त पाहणीच्या क्रमात होते. लोक आधी मैदान बघतात, मग फी, मग गणवेश, आणि स्पर्धा कुठे-किती हे सगळ्यात शेवटी, तेही विचारलं तर. साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशात हा क्रम बरोबर उलटा करावा लागतो.

खाली लिहिलंय ते मॉरिशसपुरतं. सेशेल्स किंवा मालदीवला असाल तर संस्थांची नावं बदला, क्रम तोच ठेवा.

टप्पा १ : घरी बसून करायची तयारी

मैदानावर पाऊल ठेवण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, खेळ घड्याळाचा आहे की प्रतिस्पर्ध्याचा. पोहणं, धावणं, उड्या, फेक, सायकलिंग हे घड्याळाचे नाहीतर फितीचे खेळ. सेकंद पोर्ट लुईत आणि पुण्यात सारखाच असतो, त्यामुळे मूल कुठे आहे हे बेटावर बसून कळू शकतं. बॅडमिंटन, टेनिस, टेबल टेनिस, फुटबॉल, ज्युडो, मुष्टियुद्ध यांत मात्र समोरचा जितका तगडा तितकी तुमची प्रगती, आणि समोरचे मोजकेच. या दोन गटांसाठी पाहणी वेगळी करायची असते.

दुसरी, तुमचा मुक्काम किती. ऑक्युपेशन परमिट (इथे राहून काम करायचा परवाना) किती वर्षांचं आहे, नूतनीकरणाची शक्यता किती, आणि त्या वेळी मूल किती वर्षांचं असेल. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तीन वर्षांसाठी आला असाल, तर तुम्हाला पाया पक्का करणारी जागा हवी. तेरा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी.

तिसरी, आठवड्याचं वेळापत्रक, खऱ्या वाहतुकीसकट. इथल्या शाळा दुपारी अडीचच्या सुमारास सुटतात. जून-जुलैत सूर्य पावणेसहालाच मावळतो. म्हणजे प्रकाशझोत नसलेल्या मैदानावर "साडेचार ते साडेसहा" असा सराव छापलेला असेल, तर हिवाळ्यात त्यातला पाऊण तास अंधारात जातो. शिवाय हवामान बघा. क्युरपीप साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तिथला पाऊस म्हणजे आपल्या लोणावळ्याची आठवण. किनाऱ्यावर ऊन असताना वर पठारावर मैदान चिखलानं बंद असू शकतं.

तपासा: ज्या दिवशी, ज्या वेळी मुलाला न्यायचं आहे, त्या दिवशी त्या वेळी एकदा शाळेपासून मैदानापर्यंत स्वतः जाऊन या. रविवारी सकाळी मोजलेलं अंतर खरं धरू नका.

टप्पा २ : पासपोर्टचा प्रश्न, सगळ्यात आधी

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात आणि मग मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं.

हिंदी महासागर बेटांच्या क्रीडास्पर्धा दर चार वर्षांनी होतात. २०१९ ला त्या मॉरिशसमध्ये झाल्या, २०२३ ला मादागास्करमध्ये. त्यासाठी आणि एकूणच राष्ट्रीय संघासाठी मॉरिशसचं नागरिकत्व लागतं. तुमचं मूल भारतीय पासपोर्टवर इथे राहतंय, तर ते क्लबच्या आणि खुल्या स्पर्धा खेळेल, पण त्याच्याहून हळू पोहणारी मैत्रीण राष्ट्रीय संघात जाईल आणि हे जाणार नाही. हे बारा वर्षांच्या मुलाला निवड यादी लागल्यावर कळण्यापेक्षा पहिल्या महिन्यात घरी कळलेलं बरं.

उलट बाजूही आहे. इथल्या मराठी घराण्यांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या मॉरिशसवासी असलेल्या काही पालकांना वाटतं, की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) काढलं की मूल भारताकडूनही खेळू शकेल. तसं नाही. भारताच्या राष्ट्रीय संघासाठी भारतीय पासपोर्टच लागतो.

फुटबॉलसाठी आणखी एक पायरी आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर फिफाची बंदी आहे. काही मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं देश बदलून आले असतील तर. परदेशी मुलाची पहिली नोंदणीसुद्धा याच नियमाखाली येते आणि दहाव्या वर्षापासून आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्राची भानगड सुरू होते. म्हणून नोकरीचं पत्र, परमिट, मुलाचा जन्मदाखला आणि भारतातल्या क्लबमधली नोंदणी असेल तर तिची प्रत एका फाइलमध्ये ठेवा. अकादमीला विचारा: "परदेशी मुलाची नोंदणी यापूर्वी तुम्ही केली आहे का? किती आठवडे लागले?" उत्तरात आठवड्यांचा आकडा आला तर केलेली आहे. "होऊन जाईल" आलं तर केलेली नाही.

सावधान: "पंधराव्या वर्षी युरोपात चाचणीला नेतो" असं सांगणारी फुटबॉल अकादमी एकतर नियम जाणत नाही, नाहीतर तुम्ही जाणत नाही असं धरून चालते. चाचणीला जाणं आणि तिथल्या क्लबमध्ये नोंदणी होणं यात मोठं अंतर आहे.

प्रवासाचंही इथेच बघून घ्या. रियुनियन विमानानं पाऊण तासावर आहे आणि सरावाचे सामने, शिबिरं बहुतेक तिथेच होतात. मॉरिशसच्या पासपोर्टवर मुलं बॅग उचलून निघतात. भारतीय पासपोर्टचे नियम वेगळे आहेत, कागद आधी लागतात. दक्षिण आफ्रिकेचंही तेच. संघ गेला आणि आपलं मूल व्हिसाअभावी घरी राहिलं, हे आमच्या ओळखीतच दोनदा झालं आहे. म्हणूनच अकादमी दौऱ्याची तारीख किती दिवस आधी कळवते, हा प्रश्न साधा नाही.

टप्पा ३ : स्पर्धांची मोजदाद

आता अकादमीकडून मागच्या तीन हंगामांची निकालपत्रकं मागा. पदकांची यादी नको, पूर्ण निकालपत्रकं. अकादमी देत नसेल तर त्या खेळाच्या महासंघाकडे मिळतात.

पत्रक हातात आलं की वरची तीन नावं बघायची नाहीत. शेवटचा क्रमांक बघायचा. तुमच्या मुलाच्या वयोगटात, त्याच्या प्रकारात एकूण किती उतरले? चार? नऊ? बावीस? हा आकडा तीनही वर्षांसाठी लिहून काढा. मग वरच्या वयोगटाचा काढा. बाराला नऊ जण, चौदाला सहा, सोळाला दोन अशी उतरंड दिसली, तर तुमचं मूल सोळाव्या वर्षी कोणाशी स्पर्धा करणार आहे ते आजच समोर आहे. ही उतरंड एका अकादमीचा दोष नसतो. प्रश्न असा, की अकादमीनं त्यावर काय केलंय.

घड्याळाच्या खेळात उपाय सोपा. पोहण्यात जागतिक संघटनेची गुणपद्धत वापरा: त्या प्रकाराच्या आधारवेळेला (विश्वविक्रमावरून संघटनेनं ठरवलेली वेळ) मुलाच्या वेळेनं भागा, आलेल्या संख्येचा घन करा, हजारानं गुणा. समजा आधारवेळ ६० सेकंद आहे आणि मुलानं ८० सेकंद घेतले. ६० भागिले ८० म्हणजे ०.७५, घन ०.४२२, गुण ४२२. सहा महिन्यांनी ७५ सेकंद आले तर ०.८ चा घन ०.५१२, गुण ५१२. पहिला आला की तिसरा याला आता महत्त्व उरत नाही, गुण वाढतायत का एवढंच बघायचं. ही वही मी आता स्वतः ठेवते. मागच्या मोठ्या शर्यतीत मुलगी अकरा जणींत सहावी आली आणि वहीतली तिची ती सर्वांत चांगली ओळ आहे.

दोन सापळे. एक, २५ मीटरच्या तलावात वळणं जास्त आणि दर वळणावर भिंतीला लाथ मारून मिळणारा वेग फुकटचा, त्यामुळे वेळ कमी येते. २५ आणि ५० मीटरच्या वेळा एकाच रकान्यात लिहिल्या तर मूल झपाट्यानं सुधारतंय असा भास होतो. कोत द'ओरच्या संकुलात ५० मीटरचा तलाव आहे. वर्षातून निदान दोनदा तिथली वेळ घ्या. दोन, धावण्यात हातानं दाबलेल्या घड्याळाची वेळ नेहमी खुशामत करते. १०० आणि २०० मीटरला तिच्यात ०.२४ सेकंद मिळवल्याशिवाय विद्युत वेळेशी तुलना करायची नसते. अकादमीच्या भिंतीवरच्या विक्रमांत वेळ कशी मोजली ते लिहिलंय का बघा. नसेल तर ते विक्रम कौतुकापुरते.

प्रतिस्पर्ध्याच्या खेळात वेगळं विचारायचं: "माझा मुलगा तुमच्या हॉलमध्ये सगळ्यात चांगला झाला, तर त्या दिवसापासून तो कोणाशी खेळेल?" चांगल्या प्रशिक्षकाकडे याचं उत्तर तयार असतं, कारण बेटावर ही वेळ दर दोन-तीन वर्षांनी कोणा ना कोणावर येतेच. मोठ्या मुलांशी, प्रौढ खेळाडूंशी, दुसऱ्या क्लबशी आठवड्यातून एक संध्याकाळ, रियुनियनच्या संघाशी वर्षातून दोन शिबिरं, असं काहीतरी ठोस. आपल्या अकादमीतली मुलं दुसऱ्या क्लबमध्ये सरावालाही पाठवत नाही असा बाणा दिसला तर तिथून निघा. तीस मुलांच्या हॉलमध्ये राजा होऊन बसलेला तेरा वर्षांचा मुलगा पंधराव्या वर्षी खेळ सोडतो, हे मी तीनदा पाहिलंय.

फुटबॉलसाठी ठरलेले सामने आणि झालेले सामने असे दोन आकडे घ्या. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळाचा मोसम. इशारा एक ते चार अशा पायऱ्यांनी चढत जातो आणि इशारा लागला की सगळं ठप्प. छापील वेळापत्रकात हे कधीच नसतं.

तपासा: वरचे आकडे एका पानावर आले का? आले नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. मैदान बघितलं की मन वळतं, मग आकडे कोणी काढत नाही.

टप्पा ४ : कागद

हा तासाभराचा टप्पा आहे. अकादमी कंपनी असेल तर तिचा व्यवसाय नोंदणी क्रमांक मागा आणि कंपनी नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. क्लब असेल तर संस्था निबंधकाकडची नोंदणी. देशाच्या २०१६ च्या क्रीडा कायद्याखालच्या राष्ट्रीय महासंघाशी ती संलग्न आहे का, हे महासंघालाच विचारा, अकादमीला नको. संलग्नता नसेल तर मूल कितीही चांगलं असलं तरी अधिकृत स्पर्धेत उतरताना अडेल.

परदेशी क्लबचं नाव आणि बोधचिन्ह असेल तर एकच प्रश्न: करार कधी संपतो? नाव भाड्यानं घेतलेलं असू शकतं. करार संपला की फलक उतरतो, प्रशिक्षक तेच राहतात, फीही तीच राहते.

आणि जागा कोणाची? इथले मोठे तलाव, धावपट्ट्या, स्टेडियम बहुतांशी सार्वजनिक आहेत. अकादमीनं तास भाड्यानं घेतलेले असतात. मोठी स्पर्धा आली किंवा दुरुस्ती निघाली की तास जातात. लेखी वाटप आहे का, आणि तास गेले तर मुलं कुठे जातात, ते विचारून ठेवा.

टप्पा ५ : न सांगता मैदानावर

वेळ ठरवून गेलात तर तुम्हाला अकादमी दाखवली जाते. न सांगता गेलात तर दिसते. मंगळवार-बुधवारी जा. शनिवारी पालक येतात म्हणून सगळे कामाला लागलेले असतात.

सोबत पाण्याची बाटली, वही, आणि फोनमधलं घड्याळ. पोचल्यावर मुलं आणि प्रशिक्षक मोजा. मग सगळ्यात चपळ मुलाकडे बघायचा मोह आवरा. मधल्या फळीतलं एक मूल निवडा, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही असं, आणि तासभर फक्त त्याच्याकडे बघा. ते हलतंय तेव्हा घड्याळ चालू, रांगेत किंवा बसून आहे तेव्हा बंद.

एका फुटबॉल अकादमीत मी लाल मोज्यांच्या एका मुलाला असं पाहिलं. साठ मिनिटांत तो चोवीस मिनिटं हलला. एकोणीस मिनिटं शंकूंच्या रांगेत पाळीची वाट बघत उभा होता, बाकी वेळ पाणी, हजेरी आणि फोटो. फोटोला सात मिनिटं गेली, कारण बॅनर वाऱ्यानं सारखा पडत होता. प्रशिक्षकानं त्याचं नाव तासाभरात एकदाही घेतलं नाही. महिन्याची फी त्या चोवीस मिनिटांनी भागून बघा, मग महाग-स्वस्त ठरवा.

हलण्याच्या मिनिटांसोबत हे टिपा:

- चुकल्यावर प्रशिक्षक काय करतो: ओरडतो, दुर्लक्ष करतो, की थांबवून दाखवतो?
- तेरा-चौदाच्या मुलांत जी अचानक उंच झालीत त्यांना वेगळा, हलका सराव दिला जातो का?
- नवख्या मुलाशी जुनी मुलं बोलतात का?
- ठरलेल्या वेळेला सराव सुरू झाला का, आणि वेळेवर संपला का?

भाषेची काळजी पालकांना असते, मुलांना नसते. सराव क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलभाषेत चालतो, अधूनमधून फ्रेंच. आमच्या मुलीचे सर काठावरून "आले, आले!" ओरडायचे, म्हणजे "चला, चला!" पहिला आठवडाभर ही बाई पोहता पोहता मान वर काढून कोण आले ते बघायची. महिन्याभरात सगळं समजायला लागलं. मात्र दुखापत आणि औषध याबद्दल बोलताना इंग्रजीत नीट बोलू शकणारा एक माणूस मैदानावर हवा.

दुसरी भेट हिवाळ्याच्या संध्याकाळी किंवा पाऊस पडून गेल्यावर द्या. तिसरी, जमलं तर ऑक्टोबरात. इथे शिकवण्यांचं प्रस्थ आपल्याइतकंच आहे. सहावी, नववी, अकरावी आणि तेरावीच्या परीक्षा वर्षअखेरीस येतात आणि मैदानं ओस पडतात. तुमचं मूल वेगळ्या वेळापत्रकाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत असेल, तर ते त्या दोन महिन्यांत एकटंच सराव करत असेल का, हे ऑक्टोबरातच दिसतं.

टप्पा ६ : प्रशिक्षकाशी आणि इतर पालकांशी बोलणं

फलकावरचा मुख्य प्रशिक्षक आणि काठावर उभा राहणारा प्रशिक्षक एकच आहे का? आमच्या पहिल्या अकादमीत नव्हता. ज्यांच्या नावावर आम्ही प्रवेश घेतला ते गृहस्थ वर्षातले चार महिने बेटाबाहेर असत. विचारायचं असं: "मागच्या चार आठवड्यांत तुम्ही स्वतः किती सरावांना होतात?" बाहेरून कंत्राटावर आलेले प्रशिक्षक असतील तर कंत्राट कधी संपतं आणि नंतर कोण, हेही.

आता छोट्या देशाची खास गाठ. माणसं कमी म्हणून एकच माणूस अकादमीचा मालक, महासंघाचा पदाधिकारी आणि निवड समितीचा सदस्य असू शकतो. यात नेहमी लबाडीच असते असं नाही, कधीकधी दुसरा माणूसच नसतो. पण तुम्हाला माहीत हवं. तक्रार झाली तर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर जाणार का? मूल दुसऱ्या क्लबमध्ये न्यायचं ठरवलं तर सोडपत्र कोण देतं, हंगामात कधी देतात?

पालकांशी बोलताना "अकादमी कशी आहे?" विचारू नका. इथे कोणीतरी कोणाचा तरी मावसभाऊ असतो, शेजारी असतो, नाहीतर साहेब. वाईट कोणी बोलणार नाही, सगळे "छान आहे" म्हणतील. मत मागू नका, हकिकत मागा. किती वर्षं झाली? या वर्षी किती सामने खेळला? शेवटची दुखापत कधी झाली आणि कोणी फोन केला? सोडून गेलेल्या एखाद्या मुलाचे पालक ओळखीचे आहेत का? या शेवटच्या प्रश्नावर जो क्षणभर थांबतो, त्याच्याशी नंतर चहावर बोला.

टप्पा ७ : सुरक्षितता

इथे संकोच सोडा. बाजारात भेंडी मोडून बघणारे आपण लोक, इथेच नेमके का गप्प बसतो कोण जाणे.

प्रथमोपचार पेटी बघायला मागा आणि उघडायला लावा. एका ठिकाणी पेटी होती, कुलूप होतं, किल्ली ऑफिसात होती आणि ऑफिस पाचला बंद होत होतं. सराव साडेसहापर्यंत. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११४. तो भिंतीवर लिहिलाय का, रुग्णवाहिका आत यायचं फाटक त्या वेळी उघडं असतं का, हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र सगळ्यात जवळ कुठे आहे, एवढं बघा. शिडाच्या होड्या किंवा खुल्या समुद्रातलं पोहणं असेल तर सोबत इंजिनाची बचाव होडी दर सरावाला असते की फक्त स्पर्धेला?

प्रशिक्षकांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागा. इथे ते सरकारी अभियोग संचालकांच्या कार्यालयातून मिळतं, त्यामुळे "असं काही नसतं" हे उत्तर चालवून घेऊ नका. ते किती जुनं आहे तेही बघा. मुलासोबत एकटा प्रौढ राहू नये असा नियम आहे का, कपडे बदलायच्या खोलीत कोण जातं, दौऱ्यावर मुलींसोबत बाई असते का, मुलांना प्रशिक्षक थेट खासगी संदेश पाठवतात का की पालकांच्या गटावरच.

सावधान: या प्रश्नांवर जो चिडतो, त्याच्याकडे मूल ठेवायचं नाही. इथे मी वाटाघाट करत नाही.

टप्पा ८ : गेलेली मुलं कुठे गेली

पाच वर्षांपूर्वी बारा वर्षांची असलेली मुलं आज सतराची आहेत. त्या बॅचची हजेरी आठवून सांगायला लावा. किती अजून खेळतात, किती सोडून गेली, किती दुसऱ्या क्लबमध्ये, किती परदेशात शिकायला? नावं नकोत, आकडे पुरेत. वीसपैकी सहा अजून कुठेतरी खेळत असतील तर मी चांगलं म्हणेन. "दोघं राष्ट्रीय संघात आहेत" एवढंच सांगून विषय बदलला, तर उरलेले अठरा कुठे ते विचारा.

बेटावरून वर गेलेले खेळाडू बहुतेक बाहेर जाऊनच गेलेत. सेंट लुशियाची ज्युलियन आल्फ्रेड किशोरवयातच शिकायला आणि धावायला जमैकाला गेली, तिथून टेक्सास विद्यापीठात, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण तिनं १०.७२ सेकंदांत घेतलं. देशाचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. ग्रेनाडाचा किरानी जेम्स २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर जिंकला, त्याआधी तो अलाबामा विद्यापीठात होता. म्हणून अकादमीला विचारा, मूल तुमच्या आवाक्याबाहेर गेलं हे तुम्ही कधी आणि कसं सांगता? कोणत्या देशातल्या कोणत्या क्लबशी तुमचं बोलणं आहे? शेवटचं मूल कधी पाठवलं? अमेरिकेच्या शिष्यवृत्तीचं आमिष दाखवून शाळा कमी करायला सांगत असतील तर त्यांना शिष्यवृत्तीबद्दल काहीच माहीत नाही. तिथे गुणपत्रिका आधी बघतात.

टप्पा ९ : चाचणी महिना आणि पैसे

वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत कितीही असो. एक महिना मागा. बहुतेक देतात.

महिन्याची फी हा खर्चाचा छोटा भाग आहे. एका कागदावर वर्षाचा हिशेब मांडा: फी, सक्तीचा गणवेश, महासंघाचा परवाना, स्पर्धा प्रवेश, रियुनियन किंवा आफ्रिकेच्या एका दौऱ्याचं विमानभाडं आणि व्हिसा, पेट्रोल. दौऱ्यावर जाणाऱ्या प्रशिक्षकाचं तिकीट पालकांत वाटतात का, हे विचारायला विसरू नका. वाटतात.

लेखी घ्यायच्या गोष्टी: वादळानं बुडालेले सराव भरून देणार की नाही, दुखापत झाली तर फी थांबते का, सोडताना किती दिवसांची सूचना, परमिट संपून देश सोडावा लागला तर काय, आणि फोटो वापरायची परवानगी वेगळ्या कागदावर. पैसे नोंदणी क्रमांक छापलेल्या पावतीवरच द्या. प्रशिक्षकाच्या खासगी नंबरवर "ज्यूस" (मोबाइलवरून पैसे पाठवायचं इथलं ॲप) करून टाका म्हणाले, तर पावती आल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. सुट्ट्यांची यादीही घ्या. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, तरी आमच्या पहिल्या अकादमीनं त्याच दिवशी निवड चाचणी ठेवली होती.

चाचणी महिन्यात मुलाला रोज "मजा आली का?" विचारू नका, ते हो म्हणेल. दर आठवड्याला एकदा विचारा: आज काय नवीन शिकलास, दाखव. चार आठवड्यांत चार वेगळ्या गोष्टी दाखवल्या तर पुढचे तीन महिने भरा. एकच गोष्ट चारदा दाखवली तर प्रशिक्षकाला भेटा, कारण कधीकधी तीच गोष्ट चार आठवडे घोटायची असते आणि चांगला प्रशिक्षक ती का, हे दोन वाक्यांत सांगतो.

भरल्यानंतरही टप्पा ३ चं पान टाकू नका. फ्रीजवर लावा आणि दर एप्रिलला, वादळांचा मोसम सरला की, नवे आकडे शेजारच्या रकान्यात लिहा: किती जण उतरले, किती सामने झाले, गुण किती. आमच्या फ्रीजवर आता तीन रकाने आहेत, आणि दुसऱ्या रकान्याच्या वेळी आम्ही सूचना देऊन अकादमी बदलली. सूचनेचा कालावधी साठ दिवसांचा होता, तो आम्ही करारात वाचलाच नव्हता, त्यामुळे दोन महिन्यांची फी दोन्हीकडे भरली.